मस्टरवर नाव आणि हातात वही : अमेरिकेतल्या मंदीत लोकांच्या गोष्टी लिहून घेणारी 'दुष्काळी कामं'

माणगंगा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय मनात घोळत होता, आज सवड काढून लिहायला बसले. लांबलं तर सांभाळून घ्या.

बहात्तरच्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते. आई आणि धाकटी मावशी आटपाडीच्या बाजूला खडी फोडायला जायच्या. शाळा सुटली की भाकरी घेऊन जायचं आणि मावशीच्या तान्ह्याला झाडाखाली सांभाळत बसायचं, हे माझं काम. जुन्या टायरच्या कड्यात दगड धरायचा, म्हणजे तो उडत नाही, आणि वरून हातोडी. बोटांना चिंध्या बांधलेल्या. संध्याकाळी मुकादम ढिगाला टेप लावायचा आणि मस्टरवर अंगठा घ्यायचा. दिवसभर बायका ओव्या म्हणायच्या. जात्यावर दळायला घरात दाणा नव्हता, म्हणून ओव्या खडीवर आल्या होत्या. आईला शेकड्यानं पाठ होत्या. २००९ साली ती गेली. आमच्या घरात तिची एकही ओवी लिहिलेली नाही.

हे आठवायचं कारण म्हणजे गेल्या वर्षी लेकीकडे व्हर्जिनियाला तीन महिने होते. दुपारी तिथल्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसायचे. तिथे एक जाडजूड पुस्तक हाताला लागलं, गुलामगिरीत जन्मलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखतींचं. प्रस्तावनेत वाचलं की या मुलाखती घेणारे लोक सरकारी मदतीच्या कामावर होते. म्हणजे आपल्या भाषेत दुष्काळी कामावर! तेव्हापासून मिळेल ते वाचत सुटले आहे.

थोडक्यात हकीकत अशी. १९२९ साली तिथला शेअर बाजार कोसळला आणि १९३३ पर्यंत साधारण दर चार कामकऱ्यांमागे एक बेकार झाला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३५ च्या मे महिन्यात डब्ल्यूपीए (वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन) नावाचं मोठं खातं काढलं. प्रमुख होते हॅरी हॉपकिन्स. फुकट शिधा वाटण्यापेक्षा माणसाला काम द्यायचं आणि कामाचे पैसे द्यायचे, हे त्यांचं सूत्र. रस्ते, पूल, शाळा, विमानतळ अशी कामं निघाली. पण बेकार फक्त मजूरच झाले होते का? मास्तर, कारकून, वार्ताहर, ग्रंथपाल, नट, वादक, चित्रकार सगळेच घरी बसले होते. त्यांच्या हातात फावडं देऊन काय साधणार? हॉपकिन्स यांचं म्हणणं सरळ होतं : या लोकांनाही इतरांसारखं खायला लागतंच की. म्हणून कला, संगीत, नाटक, लेखन आणि जुन्या दप्तरांची नोंद असे पाच वेगळे प्रकल्प काढले.

त्यातला लेखक प्रकल्प जुलै १९३५ मध्ये सुरू झाला, हेन्री ॲल्सबर्ग हे त्याचे संचालक. भर असताना सुमारे ६,६०० माणसं त्यावर होती. नावात 'लेखक' असलं तरी बहुतेकांनी आयुष्यात पुस्तक लिहिलेलं नव्हतं. घरात खरोखर अडचण आहे याचा दाखला मिळाला की नाव लागायचं. आधी काम ठरलं ते प्रत्येक राज्याची मार्गदर्शिका लिहायचं. त्यात रस्ते आणि अंतरं होतीच, पण गावाचा इतिहास, दंतकथा, खाणंपिणं, तिथले उद्योगधंदे हेही होतं. तेव्हाच्या ४८ राज्यांचे ग्रंथ झाले, शिवाय अलास्का, पोर्टो रिको आणि राजधानीचा. सगळ्यात आधी बाहेर पडला तो आयडाहोसारख्या आडबाजूच्या राज्याचा, जानेवारी १९३७ मध्ये. तिथले कादंबरीकार व्हार्डिस फिशर यांनी तो जवळजवळ एकहाती लिहून काढला.

मला मात्र जास्त भिडल्या त्या मुलाखती. एक वही, दोन पेन्सिली घेऊन ही माणसं गिरणी कामगार, कोळी, शेतमजूर, फेरीवाले, शिवणकाम करणाऱ्या बायका यांच्या दारात गेली. तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात अशा सुमारे २,९०० जीवनकथा आहेत, २४ राज्यांतल्या, सुमारे ३०० जणांनी लिहून घेतलेल्या. आणि गुलामगिरी भोगलेल्यांच्या मुलाखती वेगळ्याच : १९३६ ते १९३८ या काळात १७ राज्यांत २,३०० हून अधिक. गुलामगिरी संपली १८६५ ला, म्हणजे त्या वेळी जो मांडीवर होता तोही आता सत्तरीपार. आणखी दहा वर्षं थांबले असते तर विचारायला फारशी माणसं उरली नसती.

त्यांचा एक छापील तक्ता होता, त्याचा फोटो मी फोनवर काढून आणलाय. कागद 'अ' वर मुलाखतीची हकीकत लिहायची : तारीख, वेळ, जागा, कोणी ओळख करून दिली, सोबत कोण होतं, आणि शेवटी खोलीचं, घराचं, आजूबाजूचं वर्णन. 'ब' वर त्या माणसाची माहिती : कुठला, कोणत्या घराण्यातला, काय काय कामं केली. 'क' वर तो जे बोलला ते, जसंच्या तसं. 'ड' वर लिहून घेणाऱ्याला आणखी काही सुचलं तर ते.

हा तक्ता वाचताना मला मुकादमाची वही आठवली. आईनं किती फोडलं ते त्या वहीत रोज लिहिलं गेलं. ती काय म्हणत होती ते लिहून घेणं हेही काम आहे, त्याचीही हजेरी लागू शकते, त्यावरही कुणाची चूल पेटू शकते, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. तिथे आलं. मला एवढंच सांगायचंय. तुमच्यापैकी कुणाला याबद्दल अधिक माहिती असेल तर जरूर लिहा.

---

सह्यकडा

ताई, सुंदर धागा. खडीवरच्या ओव्यांचं वाचून पोटात कालवलं. आमच्या आजीकडून मिलो ज्वारीच्या लाल भाकरी आणि कामावर वाटलेली सुकडी एवढंच ऐकलंय. ती गाणीही म्हणत असणार, आम्ही कधी विचारलंच नाही.

---

डरहमवासी

मी नॉर्थ कॅरोलायनात गेली अठरा वर्षं आहे आणि हा विषय माझ्या फार जवळचा आहे. माणगंगाताईंनी छान मांडलंय. त्यात एक गोष्ट घालतो, कारण ती वगळली तर या मुलाखती चुकीच्या वाचल्या जातात.

विचारायला कोण आलं यावर सांगणारा काय सांगतो ते ठरतं. त्या २,३०० मुलाखती घेणारे बहुतेक गोरे होते. दक्षिणेतली ती वर्षं वाईट होती, काळ्या माणसाला झुंडीनं मारून टाकण्याच्या घटना तेव्हाही घडत होत्या. आणि कित्येकदा विचारायला येणारा हा त्याच गावातल्या जुन्या मालक घराण्यांच्या ओळखीतला. म्हाताऱ्यांच्या डोक्यात दुसरंही एक असायचं : हा माणूस सरकारातून आलाय, म्हणजे पेन्शनचं काहीतरी असेल. मग मालकाबद्दल वाईट कशाला बोला?

चार्ल्स्टन शहरातल्या सुझन हॅमलिन या बाईंचं उदाहरण इथे इतिहासाच्या वर्गात शिकवतात. वय शंभरच्या पुढचं. १९३७ मध्ये त्यांच्याकडे दोन वेगवेगळे लोक जाऊन आले. एक गोरी बाई, जेसी बटलर. दुसरे ऑगस्टस लॅडसन, स्वतः काळे. बटलरबाई आल्या तेव्हा सुझनना वाटलं की या मदत कचेरीतूनच आल्यात. त्यांना त्यांनी सांगितलं की मालक भला माणूस होता. लॅडसन यांना जे सांगितलं ते वाचवत नाही. चाबकाचे फटके, पोरं आयांपासून तोडून विकणं. एका जोडप्याचं रात्री लग्न लागलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मालकानं नवरी विकून टाकली. तिची आई भर रस्त्यात उभी राहून मालकिणीला शिव्याशाप देत राहिली.

बाई तीच, घर तेच, आयुष्य तेच. दोन्ही कागद दप्तरात आहेत. बटलरबाईंच्या कागदात सुझनचं एक वाक्य आहे, मी ते विसरू शकत नाही. त्या म्हणतात, महिन्यापूर्वी सरकारकडून म्हणून एक माणूस आला होता, त्याला मी पुस्तकभर सांगितलं, आणि त्यानं मला काय दिलं? दहा सेंट. लिहून घेणाऱ्याला पगार होता, सांगणाऱ्याचं नाव कुठल्याच मस्टरवर नव्हतं. ताई, तुमच्या आईंच्या संदर्भात हे मला फार लागलं.

---

माणगंगा

डरहमवासी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. शेवटचं वाक्य वाचून थोडा वेळ उठून गेले.

तलाठी आला की आई "बरं चाललंय साहेब" म्हणायची, आणि तो गेला की शेजारच्या काकूंपाशी बसून रडायची. मी दोन्ही पाहिलंय. आज कुणी मला विचारलं की तुमच्या आईनं दुष्काळाबद्दल काय सांगितलं, तर त्यातलं कोणतं खरं म्हणू? दोन्ही लिहून ठेवायला हवं, आणि समोर कोण बसलं होतं तेही. म्हणून तो कागद 'अ' मला एवढा महत्त्वाचा वाटतो.

---

निंबोणी

झोरा नील हर्स्टनबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. माझ्या फार आवडत्या लेखिका.

त्या फ्लोरिडातल्या ईटनव्हिल या काळ्या लोकांच्या गावात वाढल्या, न्यूयॉर्कमध्ये मानववंशशास्त्र शिकल्या, आणि १९३८ साली फ्लोरिडाच्या लेखक प्रकल्पावर लागल्या तेव्हा त्यांची चांगली तीन पुस्तकं बाजारात होती. तरीही त्यांना खालच्या दर्जाची जागा मिळाली. काळ्यांचा विभाग वेगळा होता. त्यांचे वरिष्ठ होते स्टेटसन केनेडी, वय वर्षं एकवीस-बावीस! केनेडी पुढे आयुष्यभर सांगत राहिले की हर्स्टनबाईंच्या हाताखाली मी असायला हवा होतो.

१९३९ च्या जून महिन्यात जॅक्सनव्हिलमध्ये राष्ट्रीय ग्रंथालयाकडून मागवलेलं जड ध्वनिमुद्रण यंत्र आलं. तबकडीवर सुईनं आवाज कोरला जायचा. हर्स्टनबाईंनी त्यावर रेल्वेच्या कामगारांची रूळ सरकवतानाची गाणी स्वतः म्हणून दाखवली. हर्बर्ट हॅल्पर्ट नावाचे संग्राहक त्यांना विचारतात की तुम्ही ही गाणी शिकता कशी? त्या सांगतात : लोक गात असतात त्या घोळक्यात मी जाऊन बसते, ऐकते, मग एखाद्या ओळीत सूर मिसळते, हळूहळू एक कडवं येतं, मग सगळी येतात. मग त्यांनाच म्हणून दाखवते. ते म्हणाले की आता तू आमच्यासारखं म्हणतेस, की झालं. हे ध्वनिमुद्रण इंटरनेटवर मोफत ऐकायला मिळतं. आवाज खणखणीत आहे, मध्येच हसतातही.

मला यातलं 'त्यांनाच म्हणून दाखवते' हे फार आवडतं. आमच्या घरी आजी मंगळागौरीची गाणी अशीच शिकवायची. चुकलं की हातावर चापट.

---

नालाबंडिंग

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नये.

मी जलसंधारणाच्या कामांवर एकतीस वर्षं काढली. बहात्तर-त्र्याहत्तरला मी नवा ओव्हरसियर होतो. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात राज्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. पन्नास लाख! त्यांची हजेरी, मोजमाप, पगारवाटप आठवड्याच्या आठवड्याला करताना आम्हाला झोप नव्हती. त्या वेळी कुणी म्हटलं असतं की चार माणसं ओव्या लिहायला लावा, तर मीच पहिला नाही म्हटलं असतं. वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली, १९७७ ला कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्यात काम म्हणजे अंगमेहनतीचं, अकुशल, आणि त्यातून टिकाऊ काहीतरी उभं राहणारं. पाझर तलाव झाला की पुढच्या वर्षी विहिरीला पाणी येतं. ओवीनं येत नाही.

अमेरिकेची गोष्ट निराळी. तिथे शिकलेला बेकार होता. आपल्याकडे भुकेला होता तो शेतकरी आणि शेतमजूर, त्याला त्या दिवशीची मजुरी हवी होती.

---

निंबोणी

काका, राग कशाला येईल? पाणी आधी, हे कबूलच. पण आपल्याकडेही त्या काळात शिकलेली बेकार पोरं गावोगाव होतीच. मॅट्रिक होऊन घरी बसलेली. पन्नास लाखांतल्या शंभर जणांच्या हातात वही दिली असती तर एकही पाझर तलाव कमी झाला नसता.

---

डरहमवासी

नालाबंडिंग काकांनी काढलेला मुद्दा तिकडेही निघाला होता, आणि फार कडवटपणे. लोकांच्या करातून कवींना पोसायचं का, असं वर्तमानपत्रं रोज विचारायची. मॅसॅच्युसेट्सच्या मार्गदर्शिकेत साक्को आणि व्हान्झेट्टी या विजेच्या खुर्चीत मृत्युदंड दिलेल्या दोन इटालियन कामगारांवर बॉस्टनच्या ब्रिटिशांविरुद्धच्या प्रसिद्ध चहा-बंडापेक्षा जास्त ओळी निघाल्या, तेव्हा तर तिथल्या गव्हर्नरसाहेबांनी थयथयाट केला. १९३८ साली काँग्रेसमधले, म्हणजे तिथल्या संसदेतले, मार्टिन डाइस यांची चौकशी समिती मागे लागली की हे सगळे कम्युनिस्ट आहेत. नाटकांचा प्रकल्प जून १९३९ मध्ये बंदच करून टाकला. लेखक प्रकल्प राज्यांच्या गळ्यात टाकला, खर्चाचा चौथा हिस्सा स्थानिकांनी उचलायचा या अटीवर. त्याच वर्षी ॲल्सबर्ग यांना काढलं. महायुद्ध आलं, कारखान्यांना माणसं पुरेनात, आणि १९४३ मध्ये सगळंच गुंडाळलं.

मग हे कागद गेले कुठे? बरेचसे खोक्यांत. बेंजामिन बॉटकिन नावाचे लोकसाहित्याचे अभ्यासक होते, १९३८ पासून प्रकल्पाच्या लोकसाहित्य विभागाचे संपादक. गुलामगिरीच्या मुलाखती त्यांनी नीट लावून १९४१ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालयात १७ खंडांत बांधून ठेवल्या. मिसिसिपीनं वॉशिंग्टनला फार थोड्या पाठवल्या होत्या, बाकीच्या राज्याच्याच दप्तरात पडून राहिल्या. जॉर्ज रॉविक या इतिहासकारानं हे खंड छापून लोकांपुढे आणायला सुरुवात केली ते वर्ष होतं १९७२. मिसिसिपीतले ते राहिलेले कागद त्यांच्या पुढच्या पुरवणी खंडांत आले. त्याआधी तीस वर्षं बहुतेक इतिहासकार मालकांच्या वह्या-पत्रांवरूनच गुलामगिरीचा इतिहास लिहीत होते.

---

माणगंगा

१९७२! हे मला माहीत नव्हतं.

---

जुनंदप्तर

सरकारी लोककथासंग्रहाचा आपल्याकडचा एक जुना प्रकार इथे सांगण्यासारखा आहे. मदतीच्या कामाचा नाही, पण जवळचा.

नाशिकचे कलेक्टर जॅक्सन. २१ डिसेंबर १९०९ ला 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी ज्यांना गोळ्या घातल्या, तेच. हा माणूस संस्कृत जाणणारा होता आणि लोकसमजुतींचा संग्रह करत होता. त्यानं एक लांबलचक प्रश्नावली काढून मुंबई इलाख्यातल्या शाळामास्तरांना पाठवली होती. सूर्याबद्दल लोक काय मानतात, पाऊस पडावा म्हणून काय करतात, भुतं कुठे राहतात, विहिरीत कोण असतं, गावदेवीला काय चढवतात, असे प्रश्न. त्याच्या मृत्यूनंतर एन्थोव्हेन या दुसऱ्या अधिकाऱ्यानं ती उत्तरं संकलित केली. गुजरातचा भाग १९१४ ला आणि कोकणचा १९१५ ला निघाला.

कोकणच्या भागात तळटिपा पाहाव्यात. 'शाळामास्तर, चौल', 'शाळामास्तर, आगाशी'. बहुतेक ठिकाणी नाव नाही, नुसता हुद्दा आणि गाव. ज्या आजीबाईंनी त्या मास्तरला सांगितलं तिचा तर मागमूस नाही. अमेरिकेतल्या तक्त्यात सांगणाऱ्याचं नाव आणि पत्ता पहिल्याच कागदावर येतो. मला या दोन कागदांतलं अंतर फार मोठं वाटतं. जॅक्सनच्या संग्रहात 'लोक असं मानतात' असतं. लेखक प्रकल्पात 'या बाईनं, या खोलीत बसून, असं सांगितलं' असतं.

---

सह्यकडा

जुनंदप्तर, एक शंका. ते लोक बोलीभाषा कशी लिहायचे? आपल्याकडे माणदेशी, मालवणी, अहिराणी लिहायची म्हटली की मारामार.

---

डरहमवासी

फार भांडणं झाली त्यावरून. काही गोरे लेखक काळ्यांचं बोलणं इतकं वेडंवाकडं लिहायचे की वाचणाऱ्याला ती माणसं बावळट वाटावीत. वॉशिंग्टनच्या कचेरीत स्टर्लिंग ब्राउन हे कवी-प्राध्यापक काळ्यांसंबंधीच्या मजकुराचे संपादक होते. त्यांनी सूचना काढली की उच्चार दाखवायच्या नादात शब्दांची मोडतोड करू नका. बोलण्याची ठेवण, शब्दांचा क्रम, म्हणी, खास शब्द हे अचूक येऊ द्या. त्याच्यासोबत नेहमीच्या शब्दांची यादीही दिली. ही सूचना सगळ्यांनी पाळली असं नाही, पण दिली गेली हे महत्त्वाचं. व्हर्जिनियात तर हॅम्प्टनच्या रॉस्को लुइस यांच्या हाताखाली काळ्या मुलाखतकारांचा संचच होता. तिथले कागद वाचले की फरक लगेच कळतो. सांगणाऱ्याचा राग कागदावर उतरलेला असतो.

राल्फ एलिसन यांचंही सांगून टाकतो. ते तेव्हा न्यूयॉर्कच्या प्रकल्पावर होते, पंचविशीतले, कादंबरी अजून लिहायची होती. १९३८ मध्ये हार्लेम या तिथल्या काळ्यांच्या वस्तीत एका माणसानं त्यांना 'स्वीट-द-मंकी' नावाच्या इसमाची गोष्ट सांगितली. हा म्हणे मनात आणलं की अदृश्य व्हायचा आणि गोऱ्यांची दुकानं लुटायचा, पोलिसांना सापडायचाच नाही. एलिसननी ती त्याच्या बोलीतच लिहून घेतली. पुढे १९५२ मध्ये त्यांची न दिसणाऱ्या माणसाची जगप्रसिद्ध कादंबरी आली. एकातून दुसरं निघालं असं मी म्हणणार नाही. पण तो टंकलिखित कागद आजही आहे आणि त्यावर लिहून घेणारा म्हणून एलिसन यांचं नाव आहे. सॉल बेलो आणि रिचर्ड राइट हे पुढे नावाजलेले कादंबरीकारही याच प्रकल्पाच्या पगारावर जगले.

---

मुळशीकर

ओव्यांचा विषय निघालाय तर हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांचं नाव यायलाच हवं. पुण्यात राहून या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक हजारावर गावं आणि एक लाखाच्या वर ओव्या. आमच्या मुळशीच्या डोंगरातल्या बायका यात नुसत्या गाणाऱ्या नव्हत्या, गोळा करणाऱ्याही होत्या. आता हा संग्रह 'परी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर येतोय, गाणारीचं नाव, गाव, फोटो, आवाज सगळ्यासकट.

माझी चुलती त्यात आहे. ती गेल्यावर तेराव्याला आम्ही तो आवाज लावला होता. घरातली लहान पोरं उठून आत बघायला गेली.

---

नालाबंडिंग

काल रात्रभर या धाग्याचा विचार करत होतो.

माझ्याकडे जुन्या मोजमाप पुस्तकांच्या, म्हणजे आमच्या भाषेत एमबीच्या, काही नकला आहेत. त्यात सगळं आहे. लांबी, रुंदी, खोली, लीड आणि लिफ्ट (माती किती लांब नेली, किती वर चढवली), मुरूम किती, कठीण खडक किती. एका पानाच्या कडेला माझ्याच अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं सापडलं : 'टोळी क्र. ७ गाणी छान म्हणते.' कधी लिहिलं आठवत नाही. टोळीत कोण होतं, काय म्हणत होत्या, काही नाही. सरकारी पुस्तकात पेन्सिलीनं लिहायचं नसतं, तरी लिहिलं होतं.

त्या वेळी मी नाहीच म्हटलं असतं, यावर आजही ठाम आहे. पण ते पान पाहिल्यापासून वाईट वाटतंय.

---

निंबोणी

काका, ते पान जपून ठेवा. आणि जमलं तर कोणत्या गावाजवळचं काम होतं ते इथे लिहा. टोळी क्रमांक सातमधलं कुणीतरी अजून असेल.

ताई, तुमच्या मावशी आहेत ना हो? धाकट्या, खडीवरच्या?

---

माणगंगा

आहे. परवा जाऊन आले, म्हणून उत्तराला उशीर झाला.

तो तक्ता मी मराठीत करून वहीत आखून नेला होता. जसा भरला तसाच इथे देते.

कागद अ. वेळ सकाळी साडेदहा ते एक, मग जेवण, मग तीन ते पाच. जागा आटपाडी तालुक्यात मावशीच्या धाकट्या मुलाचं घर. ओळख कोणी करून दिली : मी सख्खी भाची. सोबत कोण : नातसून, ती दोनदा चहा घेऊन आली आणि दुसऱ्यांदा उंबऱ्यातच बसून राहिली. खोलीचं वर्णन : पत्र्याचं छप्पर, खाली फरशी. भिंतीला खंडोबाची तसबीर आणि मावसकाकांचा हार घातलेला फोटो. कोपऱ्यात जात्याची खालची तळी, तिच्यावर आता पाण्याचा हंडा असतो. दारासमोर शेळी बांधलेली. मावशी पलंगावर न बसता खाली, भिंतीला टेकून.

कागद ब. वय चौऱ्याऐंशीच्या आसपास. शाळा नाही. कामं : खुरपणी, खडी, बारा वर्षं ऊसतोड, पुन्हा खुरपणी. मुलं पाच, त्यातली तीन आहेत. झाडाखाली मी सांभाळायचे तो राहिला नाही, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्याच उन्हाळ्यात गेला. माझ्या डोक्यात तो कुठेतरी मोठा होऊन पुण्यामुंबईला गेलेला होता.

कागद क. आधी तासभर मावशी "काय आठवत न्हाई बाय" म्हणत राहिली. मी फोन रेकॉर्डिंगला लावून खाली ठेवला होता, तिकडे ती बघतच नव्हती. निंबोणी, मग मला तुमची हर्स्टनबाई आठवली. आईची मला येत असलेली एकच अर्धीमुर्धी ओवी मीच म्हणायला लागले. दुसऱ्या ओळीला मावशीनं मला थांबवलं, "आसं न्हाई ते," म्हणाली, आणि सुरू झाली. सत्तावीस झाल्या. त्यातल्या दोन देते.

दुस्काळ पडीयेला, आटली मानगंगा
बंधवाला माज्या, खडीवरला निरोप सांगा

हातोडीच्या घावानं, दगडाचा चुरा झाला
मुकादमाच्या वहीत, माजा दिस जमा झाला

कागद ड. निघताना मी विचारलं की मावशी, या सगळ्या तुझ्या का? तर म्हणाली, "ह्या तुज्या आयच्या. ती म्होरं म्हनायची, मी मागनं वढायची. माज्या निराळ्या हायेत. त्या सांगाया दोन दिस राहाया ये."

पुढच्या आठवड्यात जातेय.